सहा वाजताची नोंद

ताडोबाला चाललोय, असं मी रजेच्या अर्जात लिहिलं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ताडोबाच्या गेटाजवळ मोहर्लीत दोन रात्री राहिलो, दोनदा जिप्सीतून जंगलात गेलो, वाघ दिसला नाही. पण रजा वाघासाठी काढली नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे एका गावात माझे जुने सहकारी रामटेके राहतात. बारा वर्षांपूर्वी त्यांना जे सांगायला हवं होतं ते जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. मोहर्ली वाटेवर नाही. मी ती मुद्दाम वाटेवर आणली. तेवढेच दोन दिवस पुढे ढकलता येतील म्हणून.

मी विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहे. टॉवरच्या काचेमागे बसून वैमानिकांशी रेडिओवर बोलायचं, कोणी आधी उतरायचं, कोणी थांबायचं ते सांगायचं. म्हणजे पगार बोलण्याचा. घरी मात्र मी फार बोलत नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला रजा फक्त घरातच मिळते. सध्या मला टॉवरवर बसू देत नाहीत, खात्याची चौकशी चालू आहे. तरी इतका निवांत मी कित्येक वर्षांत नव्हतो. म्हणून हे लिहून काढतो आहे. त्या भागाकडे आमच्या साताऱ्याकडची माणसं सहसा जात नाहीत, त्यांनाही थोडं कळेल.

मोहर्ली

मार्च संपत आला होता. आमच्याकडे या दिवसांत डोंगर उघडेबोडके दिसतात. इथे साग निष्पर्ण, पण पळस पेटलेला आणि मोहाची फुलं गळायला लागलेली. पहाटे जिप्सीत बसलो तेव्हा अंगावर स्वेटर होता आणि नऊला परतलो तेव्हा डोक्यावर ओला रुमाल. एकाच सकाळी दोन ऋतू.

आमच्या गाईड सुनंदाबाई मोहर्लीच्याच. खाकी गणवेश, पायात बूट, आणि बोलणं असं की जिप्सीतल्या सगळ्यांना वाटावं आपण त्यांच्या माहेरचे आहोत. मी काय करतो ते त्यांनी विचारलं. सांगितलं. थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे तुमी आभाळातले गाईड."

एका वळणावर चितळांनी ओरडा केला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, सगळ्यांनी कॅमेरे काढले. सुनंदाबाई मात्र तशाच बसून राहिल्या. मी विचारलं, वाघ आहे का? त्या म्हणाल्या, "चितळाचं काई खरं नाई जी. पान हाललं तरी ओरडते. वांदर ओरडू द्या. वांदर पाह्यल्याबिगर बोलत नाई."

वांदर ओरडलं नाही. वाघही नव्हता. पण ते वाक्य माझ्याबरोबर गेटपर्यंत आलं.

दुसऱ्या सकाळी गेटजवळच्या टपरीवर सुनंदाबाईंबरोबर पोहे खात होतो. इथे पोह्यांवर चण्याची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं, तिसऱ्या घासानंतर साधे पोहे आजारी माणसाचे वाटू लागतात. शेजारच्या वनचौकीत वायरलेसवर हजेरी चालू होती. मोबाईलची रेंज जंगलात नाही, म्हणून रोज सकाळी आतल्या एकेका कॅम्पला हाक मारतात आणि तिथला वनरक्षक ओ देतो. सगळ्यांनी ओ दिली. एकाने दिली नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. वनपालाने हातातला चहाचा कप खाली ठेवला, आणि दोन माणसं मोटरसायकल काढून निघाली. कोणी आरडाओरडा केला नाही.

मी सुनंदाबाईंना म्हटलं, बॅटरी उतरली असेल. त्या म्हणाल्या, "उतरली असन. पण पाहून याव लागते ना जी. पाह्यल्यावर सांगता येते का बॅटरीच होती."

तासाभराने ती माणसं परतली. बॅटरीच होती. मग वनपालाने नवा चहा मागवला.

नागभीड

चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून रेल्वेने नागभीडला आलो. डाव्या-उजव्या हाताला धान काढून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि अधूनमधून बोड्या. बोडी म्हणजे शेताच्या डोक्यावरचं छोटं तळं. आमच्याकडे विहीर कोणाची यावर भावाभावांत कोर्टकज्जे चालतात. डब्यातल्या एका आजोबांनी सांगितलं की इथे बोडीच्या पाण्यावरून तेच चालतात. तेवढ्यापुरतं मला घरी असल्यासारखं वाटलं. त्यांनी मला पिशवीतून लाखोळी या इकडच्या कडधान्याच्या भाजलेल्या शेंगा दिल्या आणि सिंदेवाही येईपर्यंत माझा पगार, मुलं, रक्तदाब, सगळं काढून घेतलं. कुठे चाललो ते मात्र सांगितलं नाही. धानोऱ्याला काय काम, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा म्हटलं, मित्राकडे.

मित्र हा शब्द खोटा होता. म्हणून लॉजवर आल्यावर वही काढून काय झालं होतं ते एकदा सरळ लिहिलं. तेच इथे देतो.

सकाळी सहाच्या पाळीला येणाऱ्या नियंत्रकाचं पहिलं काम म्हणजे राखीव रेडिओ तपासणं. मुख्य संच बंद पडलाच तर तो हाताशी असतो. तपासणं म्हणजे काय, तर त्या संचावरून खाली अग्निशमनच्या चौकीला हाक मारायची: आवाज कसा येतोय? चौकीने सांगायचं, पाच. पाच म्हणजे स्वच्छ. मग वहीत लिहायचं, राखीव संच तपासला, ठीक. वेळ. सही. सगळं मिळून अर्धं मिनिट.

त्या दिवशी मी हाक मारलीच नाही. वहीत लिहिलं. का, याला कारण नाही. घाई नव्हती, झोप नीट झाली होती. चहा आला होता, इतकंच. तो संच रोज ठीक असायचा, आणि रोज ठीक असलेल्याला रोज काय विचारायचं, अशी सवय लागली होती.

सव्वानऊला मुख्य संच गेला, म्हणजे ऐकू येत राहिलं पण माझा आवाज बाहेर जाईना. एक प्रवासी विमान उतरायला येत होतं आणि शिकाऊ वैमानिकाचं एक छोटं विमान धावपट्टीभोवती फिरत होतं. दोन्ही एकाच पट्टीकडे वळत होती. मी राखीव संचावर बोललो. तोही मेलेला. मला त्यांचे आवाज येत होते, माझा त्यांना जात नव्हता. प्रवासी विमानाचा वैमानिक शांतपणे हाक मारत होता, टॉवर, ऐकू येतंय का? मी उत्तर देत होतो आणि तो पुन्हा तेच विचारत होता.

अशा वेळी टॉवरवर एकच साधन उरतं, हातात धरायचा मोठा दिवा. त्याचा झोत विमानावर धरायचा. लाल म्हणजे उतरू नका, फिरत राहा. हिरवा म्हणजे उतरा. रामटेके खालच्या यंत्रांच्या खोलीत होते. उपकरणांची देखभाल त्यांच्याकडे. ते जिने धावत वर आले. माझ्या हातून झोत विमानावर ठरेना. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आधी छोट्या विमानाला लाल. ते वळलं. मग मोठ्याला हिरवा. ते उतरलं. आतल्या प्रवाशांना बहुधा काही कळलंही नाही.

चौकशीत राखीव संचाच्या मागची अँटेनाची जोडणी निघालेली सापडली. तो संच ज्या कपाटात होता त्याची सफाई रामटेकेंनी सातला केली होती. सहाला संच ठीक, सव्वानऊला बंद, मधे हात लावणारा माणूस एकच. प्रत्येक बोलणं टेपवर उतरतं, पण टेप मागवली ती फक्त सव्वानऊची. सहाची कोणी मागितली नाही, आणि महिन्याभराने तिच्यावर दुसरं बोलणं चढलं. जोडणीला हात लागला होता का, असं रामटेकेंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, नक्की आठवत नाही. ती कबुली धरली गेली. बढती थांबली, लांब बदली झाली, पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते गावी निघून गेले.

मला प्रसंगावधानाबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं.

धानोरा

नागभीडहून ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून आरमोरी, गडचिरोली, धानोरा. नदीत पाणी थोडं आणि वाळू पुष्कळ, त्या वाळूत टरबुजांचे वेल. एसटीत माझ्या पायाशी एका बाईने कोंबडा ठेवला होता. गडचिरोलीपर्यंत त्याने माझ्या बुटाची नाडी सोडवली. कंडक्टर म्हणाला, त्याले तुमी आवडले.

धानोऱ्याच्या पुढे मी एक फाटा आधीच उतरलो. चूक माझीच, नाव विचारायचा संकोच केला. तीन किलोमीटर चालावं लागलं, पण त्या तीन किलोमीटरांबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, खाली जाळून साफ केलेली जमीन, आणि तिच्यावर पिवळसर, रसाळ फुलांचा सडा. टोपल्या घेतलेल्या बाया घरी परतत होत्या. वास असा की नुसता श्वास घेऊन पोट भरावं. एकीने मूठभर फुलं हातात दिली. खाऊन पाहिली. गोड, आणि मग जिभेवर किंचित धुरकट.

रामटेकेंनी मला लांबून ओळखलं. केस पांढरे झालेत, चाल तीच. त्यांनी जयभीम केला, हात धरून घरात नेलं आणि बायकोला, शोभाबाईंना, सांगितलं, आमचे साहेब आले, त्या दिवशी विमान उतरवलं ते. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

बोलायला सुरुवात केली तर शोभाबाईंनी थांबवलं. दुपारची वेळ, उपाशी माणसाचं बोलणं त्या ऐकत नाहीत म्हणे. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांगी-झिंगे, जवसाची चटणी. आमच्याकडे भाकरी आधी आणि भात शेवटी. इथे भातच आधी, मधे आणि शेवटी. झिंगे म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंब्या. मी दोनदा घेतले. त्यांच्या समोर बसून इतकं चवीने जेवता येतं याची लाज वाटत होती, तरी जेवलो.

वरचा पंखा बंद होता. शोभाबाई पुठ्ठ्याने वारा घालत म्हणाल्या, "विमानाचा मिस्त्री घरात हाये, अन् पंख्यासाठी धानोऱ्याहून माणूस आणा लागते. हे हात लावत नाईत." रामटेके हसले नाहीत. आमचा हात आता तसा राह्यला नाई, एवढंच म्हणाले.

जेवण झाल्यावर अंगणात चिंचेखाली बसलो. ते चिंचा फोडायला घेऊन बसले. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी सकाळी सहाला मी राखीव संच तपासला नव्हता. नुसतं लिहिलं होतं."

हातातली चिंच तशीच राहिली. मी खिशातून जबाब काढला. सगळं त्यात लिहून, सही करून आणलं होतं. कागद दिला की बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब. त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"कागदावर तू तवाबी बरोबरच लिहिलं होतं," ते म्हणाले. "तोंडानं सांग."

जेवताना साहेब आणि तुमी चाललं होतं. आता तू झालं. मला ते योग्यच वाटलं.

मी सुरुवात करणार तेवढ्यात ते म्हणाले, थांब, मले एकट्याले नको. शोभाबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या आणि ओट्यावर बसल्या. मग मी चहापासून शाबासकीच्या पत्रापर्यंत सगळं सांगितलं. संपल्यावर रामटेके ऐकलेलं सावकाश परत म्हणू लागले. आमच्या कामात ही रीत आहे, समोरच्याने सांगितलेलं जसंच्या तसं उलट म्हणून दाखवायचं.

"सहाले तू चौकीले हाक मारली नाई. नुसती सही केली. चौकशीत तुले विचारलं, तवाबी तपासलं म्हणाला."

"हो."

"मी मागं हात घातलाच नव्हता," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून. "समोरून फडकं फिरवलं, दार लावलं, बस. पण वहीत या साहेबायची सही होती. मले वाटलं, सही खोटी कशी राहीन. आपल्यालेच आठवत नसन."

मी त्यांच्या नोकरीचा विचार केला होता, बढतीचा, पेन्शनचाही. माझ्या सहीपुढे या माणसाने स्वतःची आठवण खोटी ठरवली असेल, हे बारा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

शोभाबाई म्हणाल्या, "पयलं वर्षभर हे रोज म्हणत, मी हात घातला नाई, मी हात घातला नाई. मंग एक दिवस म्हणाले, घातलाच असन. तवापासून घरातला बल्बबी यायनं बदलवला नाई." मग माझ्याकडे वळून विचारलं, "इतके दिवस काऊन लागले जी तुमाले?"

"भीती वाटत होती."

"कायची?"

"आधी नोकरीची. नंतर तुमची."

त्या उठल्या, चिंचांचं सूप आत नेलं. आतून भांड्यांचा आवाज मोठा येत होता. थोड्या वेळाने चहा आला, माझ्यासाठीही.

रामटेके बोडीकडे निघून गेले ते दिवस कलल्यावर परतले. मी परतीच्या एसटीची वेळ विचारली. आता गाडी नाई, खाट टाकली हाये, म्हणाले. तेव्हा मी विचारलं, हा कागद ऑफिसात पाठवू का? खरं सांगतो, मनात होतं की ते म्हणतील, जाऊ द्या आता, झालं ते झालं. इतक्या लांब आलो, तोंडाने सांगितलं, तेवढ्यावर भागेल.

ते म्हणाले, "मंग लिहिला कायले?"

सकाळी उजाडताच शोभाबाई टोपली घेऊन मोहाखाली गेल्या. मीही गेलो. फुलं वेचताना कंबर मोडते, आणि आमच्याकडचा माणूस किती सावकाश वेचतो यावर शेजारणी हसतात. तासाभरात माझी अर्धी टोपली, त्यांच्या दोन. शोभाबाईंनी माझ्या फुलांतला कचरा निवडला आणि म्हणाल्या, आज दिवसभर तुमाले हेच करायला लावलं असतं, पण यायले धानोऱ्याले जाचं हाये.

आम्ही दोघं त्यांच्या मोटरसायकलवर धानोऱ्याला गेलो. पोस्ट उघडत होतं. काउंटरवर पाकीट चिकटवायच्या आधी रामटेकेंनी हात पुढे केला. चष्मा लावला आणि पहिल्यांदाच तो जबाब वाचला. अगदी सावकाश, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"'सदर बिघाडात श्री. रामटेके यांचा कोणताही दोष नव्हता,'" त्यांनी वाचलं. "हे तुले माहीत हाये?"

"तुम्ही काल म्हणालात, हात घातला नाही."

"ते मी म्हटलं. तू पाह्यलं का? सहाले मागची जोडणी लागून होती का निघून होती?"

"नाही पाहिलं."

"मंग हे कसं लिहिलं? काट."

मी म्हटलं, भाऊ, तुमच्या कामाची ओळ या सगळ्या कागदात ही एकच आहे. ती गेली तर उरतो फक्त माझा गुन्हा. तुमची सुटका त्यात कुठेच राहत नाही. तुमची थांबलेली बढती, निवृत्तीचा हुद्दा, काही मिळायचं असेल तर याच ओळीवर. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, काका, पाठवायचं का नाही?

"काट," ते म्हणाले. "पाह्यलं नाई ते लिहायचं नाई."

मी ओळ खोडली. शेजारी लहान सही केली. त्यांनी ती खोडलेली जागा नीट बघितली आणि मान हलवली.

मग त्यांनी पोस्टातल्या बाईंकडे एक कोरा कागद मागितला. त्या म्हणाल्या, पाठकोरा चालेल का? चालेल म्हणाले. काउंटरच्या कडेला कागद ठेवून, माझंच पेन घेऊन त्यांनी लिहायला सुरुवात केली. बारा वर्षांपूर्वी चौकशीत ज्या प्रश्नाला त्यांनी आठवत नाही असं उत्तर दिलं होतं, त्याचं हे उत्तर. दोनच वाक्यं होती, पण प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते.

'त्या दिवशी सकाळी सात वाजता मी कपाट फक्त समोरून पुसले. मागे हात घातला नाही.'

खाली नाव लिहिलं. सही केली. मग कागद माझ्याकडे न देता त्यांनी स्वतःच घडी घातली आणि माझ्या जबाबाच्या वर ठेवून पाकिटात सरकवली.